नोंदीमागचा हात

माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक पत्रांत एक माणूस हरवलेला असतो. तो साधारण १८०० ते १८२० या काळात जन्मलेला असतो, शेतमजूर किंवा छोटा कारागीर असतो आणि इंग्लंडच्या १८५१ च्या जनगणनेत बायकोमुलांसकट चांगला ठसठशीत दिसतो. त्याआधी मात्र त्याचा मागमूस नसतो. बाप्तिस्म्याची नोंद नाही, आईबापांची नावं नाहीत, भावंडं नाहीत. पत्र लिहिणारे मेलबर्नचे असतात, टोरांटोचे असतात, कधी इथून तासाभरावर राहणारेही असतात. घरी बसून शोधता येईल तेवढं शोधून त्यांनी हात टेकलेले असतात आणि आता निदान कुणीतरी मूळ कागद उघडून पाहावेत, एवढीच त्यांची मागणी असते.

मी मूळची पुण्याची. लग्नानंतर इंग्लंडला आले, बेडफर्डमध्ये घर केलं आणि काउंटीच्या रेकॉर्ड ऑफिसात जुने कागद वाचायला शिकले. सुरुवातीला हौस म्हणून, मग लोकांसाठी मोबदला घेऊन. या कामाला बेडफर्डसारखी जागा नाही. इंग्लंडमधलं पहिलं काउंटी रेकॉर्ड ऑफिस इथलंच. जॉर्ज हर्बर्ट फाउलर यांनी १९१३ मध्ये त्याचा पाया घातला. पुढे एफ. जी. एमिसन यांच्या पुढाकाराने या काउंटीतल्या प्रत्येक पॅरिशची, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीची, रजिस्टरं १८१२ पर्यंत उतरवून छापली गेली. त्यामुळे बेडफर्डशरचा पूर्वज १८१२ च्या आधीचा असेल, तर निम्मं काम कुणीतरी आपल्यासाठी करून ठेवलेलं आहे. माझ्याकडे येणारी माणसं नेमकी त्या रेषेच्या आसपास हरवलेली असतात.

इतक्या वर्षांत माझी एका गोष्टीबद्दल खात्री पटली आहे. माणूस क्वचितच कागदातून निसटलेला असतो. त्याची नोंद झालेली असते, पण ती दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्या कुठल्यातरी कामासाठी केलेली असते आणि आपण ती आपल्या सोयीच्या जागी शोधत बसतो. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आपल्या घराण्याची नावं मिळतात, कारण आपले आजे-पणजे स्वतः तिथवर गेले आणि त्यांनी आपल्या तोंडाने ती सांगितली. पॅरिशच्या रजिस्टराचं तसं नाही. ते पाद्रीने राजाच्या हुकमाने ठेवलं. म्हणून कागद समोर आला की त्यात काय लिहिलं आहे हे पाहण्याआधी मी विचारते, हा लिहिला कुणी, कशासाठी आणि त्याच्या कानावर काय पडलं असेल?

हुकूम निघाला १५३८ मध्ये. आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने फर्मावलं की, प्रत्येक पॅरिशमध्ये एक वही असावी आणि आठवडाभरातले बाप्तिस्मे, लग्नं, दफनं रविवारच्या उपासनेनंतर तिच्यात लिहावीत. लोकांना हा नव्या कराचा डाव वाटला. पुढे १५९८ च्या सुमारास कागदी वह्या चर्मपत्रावर उतरवण्याचा आदेश आला. ‘विशेषतः एलिझाबेथ राणीच्या राज्यारोहणापासून’, म्हणजे १५५८ पासून, असे त्यात शब्द होते आणि अंग चोरणाऱ्या पाद्र्यांनी त्या शब्दांचा पुरेपूर फायदा घेतला. आज कितीतरी गावांची रजिस्टरं १५५८ लाच सुरू होतात ती यामुळे. त्यानंतर यादवी युद्ध आणि दुसऱ्या क्रॉमवेलची, ऑलिव्हरची, राजवट. १६४२ ते १६६० या काळात कित्येक गावांत पानंच्या पानं कोरी. १७३३ पर्यंत नोंदी लॅटिनमध्ये असू शकतात. १७५२ पर्यंत वर्ष २५ मार्चला सुरू होत असे, तेव्हा मे १७२० मध्ये लग्न आणि फेब्रुवारी १७२० मध्ये मूल असं दिसलं, तर त्या बाईला बोल लावू नये. तो फेब्रुवारी आपल्या हिशेबाने १७२१ चा आहे.

मग १७५४ पासून लग्नाची वेगळी वही आणि तिच्यात नवरानवरी व साक्षीदारांच्या सह्या. १८१३ पासून छापील खाने. बाप्तिस्म्याच्या पानावर आठ नोंदी, प्रत्येकीत बापाचा धंदा आणि राहण्याचं ठिकाण. दफनाच्या नोंदीत वय. १ जुलै १८३७ पासून सरकारी जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी. ही वर्षं मला पाढ्यांसारखी पाठ आहेत, कारण कुठल्या वर्षी कागदाने काय विचारलं हे ठाऊक नसेल, तर त्याने काय सांगितलं नाही हेही कळत नाही.

स्पेलिंगचंच पाहा. लोक मला अभिमानाने कळवतात की, आमच्या आडनावात नेहमी दोन टी असतात, एक टी असलेले ते दुसरे. खेड्यातल्या ज्या माणसाला स्वतःचं नाव लिहिताच येत नव्हतं, त्याच्या आडनावात दोन टी कुठून येणार? पाद्रीने ऐकलं तसं लिहिलं. पाद्री ऑक्सफर्ड-केंब्रिजहून आलेला आणि समोरचा माणूस इथल्या ग्रामीण बोलीत बोलणारा, शब्दाच्या सुरुवातीचा ‘ह’ गिळणारा. हॅरिसचं ॲरिस होतं आणि एखादा सावध पाद्री नसलेला ‘ह’ आणून एम्सचं हेम्स करून ठेवतो. ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’चे कर्ते जॉन बनियन बेडफर्डजवळच्या एल्स्टोचे. त्यांचा बाप्तिस्मा ३० नोव्हेंबर १६२८ चा आहे आणि रजिस्टरात आडनावाचं स्पेलिंग आपण पुस्तकांवर पाहतो ते नाही. या एका आडनावाची तीसहून अधिक रूपं इथल्या कागदांत मोजलेली आहेत. (हरी केशवजींनी बनियनच्या या पुस्तकाचं ‘यात्रिकक्रमण’ केलं ते १८४१ मध्ये, म्हणजे इंग्लंडच्या जनगणनेत पहिल्यांदा घराघरातल्या माणसांची नावं पद्धतशीर लिहिली गेली त्याच वर्षी. ती तारीख कुठेही दिसली की मला दोन्ही गोष्टी एकदम आठवतात.)

जनगणना १८०१ पासून दर दहा वर्षांनी होत होती, पण ६ जून १८४१ च्या आधी सरकारला डोकी हवी होती, नावं नको होती. १८४१ च्या पानावरही पंधरा वर्षांवरच्या माणसांची वयं पाचाच्या पटीत खाली आणून लिहायची होती. चोवीस वर्षांचा माणूस वीसचा होतो. जन्मगाव नाही, फक्त याच काउंटीत जन्मला का, हो की नाही. बेडफर्डशरमध्ये या हो-नाहीचा वेगळाच घोळ आहे. कॅडिंग्टन आणि स्टडहॅम ही गावं तेव्हा अर्धी बेडफर्डशरमध्ये आणि अर्धी हर्टफर्डशरमध्ये होती. घर हद्दीच्या कुठल्या बाजूला यावर उत्तर ठरे.

३० मार्च १८५१ च्या जनगणनेपासून खरं बोलणं सुरू होतं. कुटुंबप्रमुखाशी नातं, नीट वय, जन्माचा पॅरिश. तरीही त्या पानावर आपल्या पूर्वजाचं अक्षर नसतं. प्रगणक घरोघर फॉर्म टाकून जाई आणि सोमवारी गोळा करी. वाचता न येणाऱ्या घरी दारातच विचारून भरून घेई आणि मग सगळं वहीत उतरवी. घरचे फॉर्म पुढे नष्ट केले गेले, वह्या उरल्या. त्या वह्या लंडनला गेल्यावर तिथल्या कारकुनांनी आकडेवारी काढताना प्रत्येक वयावर पेन्सिलीची रेघ मारली. त्या रेघेखाली १ चा ४ झालेला मी पाहिला आहे. घरच्या माणसांनी स्वतःच्या हाताने भरलेले फॉर्म आपल्याला मिळतात ते १९११ पासून. त्यात लग्न झालेल्या बाईला विचारलं होतं, किती वर्षं संसार, किती मुलं जन्मली, किती हयात, किती गेली. नऊ जन्मली, चार गेली, असं दौतीत टाक बुडवून लिहिलेलं बापाचं अक्षर मी फार वेळ पाहू शकत नाही.

आता एक प्रकरण जरा सविस्तर सांगते. घराण्याचं नाव आणि दोन्ही गावांची नावं देत नाही, वंशज हयात आहेत. ल्युटन हे मात्र ल्युटनच.

ल्युटन हे गवताच्या टोप्यांचं शहर. चुनखडीच्या टेकड्यांवरच्या गव्हाचं काड चांगलं, ते चिरून बायका-मुली त्याच्या वेण्या विणत, वीस-वीस यार्डांची एक गुंडी करून बाजारात विकत आणि ल्युटन-डन्स्टेबलला त्याच्या टोप्या शिवल्या जात. चार-पाच वर्षांच्या मुलांना वेण्या विणायच्या शाळेत घालत. शाळा नावाला, शिकवणं असं नव्हतंच. १८७१ मध्ये या लहानशा काउंटीत वीस हजारांहून जास्त बायका-मुलींनी धंद्याच्या खान्यात वेणी विणणं लिहिलं. नंतर चीन-जपानच्या स्वस्त वेण्या आल्या आणि एका पिढीत धंदा बसला. तर या ल्युटनमध्ये १८५१ साली टोप्या साच्यावर बसवणारा एक माणूस राहत होता. वय तेहेतीस, जन्म अमुक गावचा. १८६१ मध्ये वय पंचेचाळीस आणि जन्मगाव शेजारचं दुसरंच. १८७१ मध्ये पुन्हा पहिलं गाव. ऑस्ट्रेलियातल्या त्याच्या वंशज बाईंनी दोन्ही गावांचे बाप्तिस्मे चाळले होते. त्या आडनावाचा, त्या नावाचा मुलगा कुठेच नव्हता.

अशा वेळी आधी धर्म पाहायचा. बेडफर्डशर हा बॅप्टिस्टांचा बालेकिल्ला आणि बॅप्टिस्ट तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देत नाहीत. चर्चच्या रजिस्टरात मूल नसणं हे इथे नवल नाही. पण या कुटुंबाची त्या पंथाशी जवळीक दिसेना. त्याची स्वतःची सगळी मुलं चर्चमध्ये नेलेली होती. मग त्याचं लग्न. १८३९ चं सरकारी प्रमाणपत्र, त्यात बापाचं नाव आणि धंदा यांना खाना असतो. तिथे एक नाव होतं, मजूर. त्या नावाचा मजूर पहिल्या गावात खरोखर होता. पण त्याचं लग्न झालं होतं १८२१ मध्ये. मुलगा तोवर निदान तीन वर्षांचा.

इथे खूण पटली. १८२१ च्या त्या लग्नाच्या नोंदीतून मी वधूचं माहेरचं आडनाव घेतलं आणि त्या आडनावाने पुन्हा बाप्तिस्मे पाहिले. दुसऱ्या गावच्या रजिस्टरात, १८१७ च्या पानावर तो होता. नाव तेच, आडनाव आईचं, बापाचा खाना रिकामा आणि धंद्याच्या खान्यात ‘अविवाहित स्त्री’. जनगणनेत दोन गावं सांगणारा माणूस खोटं बोलत नव्हता. एका गावात जन्मला, दुसऱ्यात वाढला, विचारणाऱ्याला कधी हे सांगितलं, कधी ते. आडनाव त्याने सावत्र बापाचं घेतलं आणि जन्मभर तेच लावलं.

बाई एवढ्यावर समाधानी होत्या. मी नव्हते, कारण त्याची आई त्या दुसऱ्या गावात बाळंत झाली याचं कारण मला ठाऊक होतं आणि त्या कारणाने कागद तयार होतात. त्या काळच्या कायद्याप्रमाणे गरिबाला पोसण्याची जबाबदारी त्याच्या ‘सेटलमेंट’च्या पॅरिशवर असे, म्हणजे ज्या पॅरिशवर त्याचा हक्क लागतो तिच्यावर. हा हक्क मिळवायचा एक मार्ग म्हणजे पूर्ण वर्षाच्या कराराने चाकरी. म्हणून हुशार शेतकरी एक्कावन्न आठवड्यांचा करार करत. आणि लग्नाविना झालेल्या मुलाचा हक्क, १८३४ पर्यंत, ते जिथे जन्मेल तिथे लागे. १७९५ नंतर बाकीच्या गरिबांना मदत मागेपर्यंत हलवता येत नव्हतं. अविवाहित गर्भवतीला मात्र ताबडतोब हलवता येई. त्यामुळे चाकरीच्या गावी एखादी मुलगी गरोदर दिसली की, तिथले गरिबांचे पालक, म्हणजे ओव्हरसीअर, तिला दोन न्यायाधीशांपुढे उभी करत, तिची जबानी घेत आणि दिवस भरायच्या आत गाडीत घालून तिच्या मूळ पॅरिशच्या हद्दीत नेऊन सोडत. कायदा निर्दयी होता, यात मला कधी शंका वाटली नाही. पण त्याने जे लिहून घेतलं, ते दुसऱ्या कुणीही लिहिलं नसतं.

पॅरिशच्या पेटीतल्या सुट्या कागदांत तिची जबानी मिळाली. अर्धा छापील फॉर्म, मधल्या जागा हाताने भरलेल्या. शाई तपकिरी पडलेली, घड्यांवर कागद विरलेला. वय वीसच्या आसपास. बाप मजूर, त्याचा हक्क अमुक पॅरिशचा. मायकेलमसच्या सणाला, म्हणजे सप्टेंबरअखेर, एका शेतकऱ्याकडे वर्षाला तीन पौंडांवर लागली. वर्ष पुरं व्हायच्या आत सोडलं. नंतर डन्स्टेबलला एका घरी. मूल होणार आहे आणि त्याचा बाप अमुक, त्या घरचाच मुलगा. खाली कारकुनाने तिचं नाव लिहिलेलं आणि नावाच्या मधोमध तिची फुली. फुलीचा एक पाय लांबलेला, टोकाशी शाईचा ठिपका. टाक धरायची सवय नसलेल्या हाताचा. सोबत दुसरा कागद होता, बापावरचा हुकूम, बाळंतपणाचा खर्च आणि आठवड्याला दोन शिलिंग. ओव्हरसीअरच्या हिशेबवहीत ते दोन शिलिंग काही काळ जमा होताना दिसतात, मग थांबतात आणि १८२१ मध्ये तिचं लग्न होतं.

ऑस्ट्रेलियातल्या बाईंनी उलट टपाली बापाबद्दल काहीच विचारलं नाही. त्यांना एवढंच हवं होतं की, पुढे तिचं बरं झालं का? ते मला सांगता आलं. १८५१ च्या वहीत ती आहे, विधवा, वेण्या विणणारी, घरी एक नात राहायला. मृत्यू १८६३ चा, आणि तो सरकार-दरबारी कळवणारा, मृत्यूच्या वेळी जवळ हजर असलेला माणूस म्हणून ल्युटनच्या त्या मुलाचं नाव आहे. नंतर डीएनए चाचणीनेही डन्स्टेबलच्या घराण्याशी नातं दाखवलं. त्या चाचणीला मी एवढंच महत्त्व देते. ती चुलतभाऊ दाखवते. कोण कुणाचा कसा, हे शेवटी कागदालाच विचारावं लागतं.

खेड्यातला माणूस सुखाने राहिला, वेळेवर पोट भरलं, कुणाच्या अध्यातमध्यात नसला, तर त्याच्या नावे जन्म-लग्न-मृत्यू या तीन ओळी उरतात. तो अडचणीत आला की कागद वाढतात. म्हणून एखादा शेतमजूर कुठेच सापडत नाही असं कळलं की, मी आता त्याच्या दुःखाकडून शोधायला लागते. गरिबांच्या याद्या, वर्कहाउसची दाखल-वही, सेशन्स कोर्टाचे कागद. त्यात तो भेटला म्हणून आनंद वाटतो आणि कुठे भेटला हे पाहून वाईटही वाटतं.

सापडण्याइतकंच महत्त्वाचं आहे ते सापडलेला माणूस नाकारणं. जुळणारं नाव, जुळणारं साल, जवळचं गाव मिळालं की, लोक हर्षभराने रेघ ओढतात. मी त्या मुलाचं दफन शोधते. इंग्लंडच्या खेड्यात तान्ही मुलं ढिगाने जात आणि गेलेल्या मुलाचं नाव पुढच्या मुलाला ठेवण्याची रीत होती. न्यूझीलंडच्या एका कुटुंबाने माझ्याकडे १६०० पर्यंत पोचलेली सुबक वंशावळ पाठवली होती. एका १७९२ च्या बाप्तिस्म्यावर ती सगळी उभी होती. त्याच रजिस्टरात, काही पानं पुढे, तो मुलगा तीन आठवड्यांनी पुरला गेला होता. बाप्तिस्मे एका यादीत आणि दफनं दुसऱ्या यादीत शोधणाऱ्याला हे कळत नाही; मूळ वहीची पानं उलटणाऱ्याला कळतं. त्या कुटुंबाला कळवताना मला फार जड गेलं. त्यांनी त्या मुलाच्या आजोबांच्या गावचं चर्च पाहायला येण्याची तिकिटंसुद्धा काढलेली होती. पण दुसऱ्या कुणाचे पूर्वज त्यांच्या पदरात घालणं मला कधीच जमणार नाही. एकाच गावात एकाच नावाचे दोन तरुण असले, तर १७५४ नंतरच्या सह्या कामी येतात. एक सही करतो, दुसरा फुली मारतो, की झाली दोघांची वाटणी. साक्षीदारही पाहावेत. प्रत्येक लग्नाला सही करणारा तो पॅरिश क्लर्क. एकाच लग्नाला आलेला बहुधा भाऊ नाहीतर मेहुणा. आणि शोध आडनावावर अडला, तर मी मुलांच्या नावांवरून शोधते. मेरी-जॉन सोडून द्यायचे, घरात एखादी केझाया किंवा एखादा एबेनेझर असला तर त्याच्या मागे जायचं.

कधी कधी माणूस खरोखरच देशात नसतो. परदेशातल्या पलटणींची नावं जनगणनेत नीट आली ती १९११ पासून. त्याआधी सैनिक गेला म्हणजे दोन-तीन जनगणनांतून गेला. १८६१ मध्ये बेडफर्डशरच्या एका खेड्यात असाच एक जण एकदम उगवला, ‘चेल्सी पेन्शनर’, म्हणजे निवृत्तिवेतन घेणारा शिपाई. बायको आणि थोरल्या दोन मुलांचं जन्मस्थान ‘ईस्ट इंडीज’ आणि पुढे एक गाव. छापील सूचीत ते गाव लँकेशरमधल्या कर्कबीसारखं काहीतरी वाचलं गेलं होतं आणि कुटुंब कित्येक वर्षं उत्तर इंग्लंडची रजिस्टरं पालथी घालत होतं. मी मूळ पान मोठं करून पाहिलं. ती खडकी होती. इंग्रज लिहीत तशी, किर्की.

माझं शाळेत जाणं-येणं ज्या रस्त्यांवरून झालं, तिथे जन्मलेली मुलं बेडफर्डशरच्या चिखलात वाढत होती, हे वाचून मी बराच वेळ जागची हलले नाही. पुढचं काम सोपं होतं. मुंबई इलाख्यातल्या चर्चमधले बाप्तिस्मे, लग्नं, दफनं यांच्या नकला लंडनला पाठवल्या जात. त्या १७०९ पासून आहेत आणि ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरांत ठेवलेल्या आहेत. त्यांत लग्नही मिळालं, दोन्ही मुलंही मिळाली आणि कुटुंबाला ठाऊकच नसलेलं तिसरं मूलही, जे तिकडेच पुरलं गेलं. सैनिकी कागद क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये. ज्यांचा इंग्रज पूर्वज १८४१ आणि १८५१ मध्ये नाहीसा आहे, त्यांना मी आता पहिल्यांदा इंडिया ऑफिसचं दप्तर पाहायला सांगते. पुणे, खडकी, अहमदनगर, कुलाबा ही नावं इंग्लंडच्या खेड्यांच्या वह्यांत वाटतात त्यापेक्षा जास्त वेळा येतात.

आता या कामात एक मोठी भेग पुढे आहे. १९२१ ची जनगणना २०२२ च्या जानेवारीत खुली झाली. १९३१ ची डिसेंबर १९४२ मध्ये हेजच्या गोदामाला लागलेल्या आगीत जळाली. ती आग बाँबने लागली नव्हती, तरी इंग्लंड-वेल्सचं एकही पान वाचलं नाही. १९४१ मध्ये युद्धामुळे जनगणना झालीच नाही. मध्ये आधार म्हणून आहे ती २९ सप्टेंबर १९३९ ची नोंदवही, ओळखपत्रांसाठी केलेली. त्यानंतरची जनगणना ८ एप्रिल १९५१ ची, आणि शंभर वर्षांच्या नियमाप्रमाणे ती २०५२ च्या आधी कुणाला पाहता येणार नाही.

त्या एप्रिलमध्ये इंग्लंडात मराठी माणसंही होती, विद्यार्थी, डॉक्टर, जहाजावरून उतरलेले खलाशी. त्यांची नावं कुठल्यातरी फॉर्मवर लिहिली गेली आहेत आणि ती बहुधा घरमालकिणीने लिहिली आहेत, तिला ऐकू आली तशी. ज्यांच्या घरचं कुणी तेव्हा इथे होतं, त्यांना माझी विनंती आहे की, जाणती माणसं आहेत तोवर तीन गोष्टी लिहून घ्या. त्या काळी वापरत ते पूर्ण नाव, सोबत राहणाऱ्यांची नावं आणि घराचा पत्ता, रस्त्याच्या नावासकट. पत्ता सगळ्यात आधी विचारा. नाव कितीही चुकीचं लिहिलेलं असलं, तरी पत्त्यावरून माणूस सापडतो.